वहीतलं वय

फिटिंगताईच्या दुकानाला पाटी नव्हती आणि लागतही नव्हती. जिन्याखालची चिंचोळी खोली, दारात अर्ध्या उसवलेल्या पँटींचा ढीग, आत काळं पायमशीन आणि मशीनमागे चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बसलेली ताई, एवढ्या खुणांवर सगळा रस्ता तिला ओळखायचा. लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि तयार कपडे कुणालाच धड बसेनात, तेव्हा तिचे दिवस पालटले. कमरेत सैल, पायात लांब, खांद्यावरून ओघळणारं, असं जगातलं सगळं चुकलेलं माप तिच्या टेबलावर येऊन पडायचं. "कपडा बरोबर आहे, तुम्हीच वाढलात," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. गिऱ्हाईक पोट आत ओढून हसायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं.

बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण धाकट्याचा विषय निघाला की ती मान खाली घालून मशीन चालवायला लागायची.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ, तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. तो गेली सतरा वर्षं तुरुंगात होता, जन्मठेपेवर. दोन थोराड पोरांबरोबर तो औषधाच्या दुकानाचं शटर उचकटायला गेला, वॉचमन आडवा आला आणि धाकट्याच्या हातातली पहार त्या माणसाच्या डोक्यात बसली. त्यात सांगण्यासारखं दुसरं काही नाही. धाकट्यानं कोर्टात काही नाकारलं नाही आणि ताईनंही कधी "माझा भाऊ तसा नाही हो" म्हणून कुणापुढे पदर पसरला नाही.

नवा कपडा ती आता वर्षातून एकदाच शिवायची, तो धाकट्यासाठी. तुरुंगात वर्षाला एक जोड घरून चालायचा. त्याचा वाढदिवस जवळ आला की चिठ्ठी यायची. वर "ताई," अशी सुरुवात. मग दोरीला गाठी मारून स्वतःच घेतलेली मापं. शेवटी एखादा विनोद, "कंबर वाढली, जेवणाला नावं ठेवू नकोस" अशा चालीचा. आणि मापांच्या डोक्यावर, ताईच्या वहीत असतं तसं, वय. वय बत्तीस. वय तेहेतीस. ताई ती चिठ्ठी वहीत उतरवून घ्यायची. छाती, बाही, लांबी जशीच्या तशी. वय मात्र ती दरवर्षी एकानं कमी करून लिहायची.

या वह्यांची सवय तिला मास्तरांनी लावली होती. सोळाव्या वर्षी ती ज्यांच्या हाताखाली लागली ते मास्तर भलतेच खडूस. काज वाकडं झालं तर सगळी पट्टी उसवायला लावायचे. तारीख, नाव, माप, आणि मूल असेल तर वय, एवढं लिहिल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. "आई बसच्या तिकिटासाठी वय कमी सांगते, शाळेसाठी जास्त सांगते. आपण खरं लिहायचं," ते म्हणायचे. "वय चुकलं की आत दुमड किती ठेवायची तेही चुकतं, आणि पोरगं चार महिन्यांत घोट्याच्या वर पँट घालून आपली अब्रू गावभर फिरवतं. नवऱ्याशी खोटं बोल, कोर्टात खोटं बोल, वहीशी बोलायचं नाही."

नवऱ्याशी खोटं बोलायचा प्रसंग ताईवर आला नाही, कारण लग्नच झालं नाही. कोर्टाचा आला. आणि एकोणतीस वर्षांच्या एकोणतीस वह्या तिच्या डोक्यावरच्या फळीवर ओळीनं उभ्या होत्या.

त्या दिवशी भेटीच्या काचेपलीकडे धाकटा येऊन बसला तो हसतच. कानाला फोन लावून म्हणाला, "ताई, नवा कायदा आलाय. गुन्ह्याच्या दिवशी ज्यांची अठरा पूर्ण नव्हती आणि पंधरा वर्षं काढून झालीयत, त्यांना पॅरोलसाठी मंडळापुढे उभं करणार."

"सोडणार?"

"लगेच कुठलं. पण उभं करणार. माणूस बघणार, आता कसा आहे ते विचारणार. आमच्या बराकीतल्या दोघांची नावं लागली. मीही गेलो धावत यादी बघायला." त्यानं मान हलवली. "कारकुनानं फाईल काढली. म्हणाला, तू तेव्हा अठरा वर्षं तीन महिन्यांचा होतास. तीन महिन्यांनी हुकलं बघ, ताई. बस डोळ्यांदेखत निघून जावी तसं. आईनं मला जरा उशिरा जन्माला घालायला हवं होतं."

आईनं त्याला वर्षभर उशिराच घातलं होतं. हे सांगायला ताईनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "शर्ट खांद्यात बसतो का रे?"

"बसतो की. इस्त्री मीच करतो, लाँड्रीत आहे ना."

परतीच्या दोन्ही बसमध्ये ती उभीच होती. दुसऱ्या बसमध्ये तर जागा रिकामी होती, तरी बसली नाही.

आता खरं काय ते सांगायला हवं. धाकटा घरीच जन्मला. वडील ट्रकवर, महिना महिना बाहेर. जन्माची नोंद करायला कुणी गेलंच नाही. सुईणीला बोलवायला अकरा वर्षांची ताईच धावली होती, त्यामुळे त्याचा दिवस, वर्ष, सगळं तिला पाठ. तो चार वर्षांचा असताना आई गेली. पुढच्या वर्षी ताई मास्तरांकडे लागली आणि धाकट्याला बरोबर न्यायला लागली. तो मशीनखाली बसून चिंध्यांचे डोंगर करायचा. एक दिवस त्यानं फिरत्या चाकात बोट घातलं. बोट वाचलं, नख गेलं. मास्तर म्हणाले, "उद्यापासून हा नाही. नाहीतर तूही नाही."

शाळा सहा पूर्ण झालेलं मूल घ्यायची, हा पाच वर्षांचा. ताईनं फॉर्मवर जन्माचं वर्ष एकानं मागे ओढलं. शाळेत कुणी कागद मागितला नाही. मोठी बहीण सांगते म्हणजे खरंच असेल. मग घरी शिकवणी सुरू झाली. "किती वर्षांचा?" "पाच." "किती?" "...सहा." बरोबर सांगितलं की गोळी मिळायची. आठवड्याभरात तो झोपेतून उठवलं तरी सहा म्हणायला लागला, आणि पुढे त्याला तेच खरं वाटायला लागलं. वर्गात तो कायम सगळ्यांत बुटका, पहिल्या बाकावर. शाळेच्या गणवेशाचं माप मात्र ताईनं वहीत घेतलं तेव्हा मास्तर मागे उभे होते. तिथं तिनं लिहिलं, "धाकटा, वय पाच."

इतकं झालं त्याला काही कुणी पाप म्हणणार नाही. असं घरोघरी होतं. ताईचं मन खात होतं ते या खोट्यापायी नव्हतंच.

तिचं मन खात होतं ते बारा वर्षांनंतरच्या एका दिवसापायी. कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारनं दिलेला वकील घाईघाईनं तिच्याकडे आला होता. पाच-सहा फायली काखेत, एक दातांत. फाईल दातांतून काढून तो म्हणाला, "शाळेच्या दाखल्यावर अठरा होतायत. अठराच्या आत असता तर शिक्षेत फरक पडला असता. तारखेत काही चूक नाही ना? पुष्कळांची असते."

ताई म्हणाली, "नाही. बरोबर आहे."

त्यानं कागद पुढे केला. तिनं तो भिंतीला टेकवला, वाचला आणि उभ्या उभ्या सही केली.

समोरच्या बाकावर वॉचमनची बायको बसली होती. ताई तिला ओळखत होती. गुन्ह्याच्या आठवड्यातच सोमवारी नवरा-बायको दोघं जिन्याखालच्या दुकानात आले होते. त्याला कामावरून मिळालेली पँट पायात लांब होती. ताईनं टाचणी लावली तर बायको म्हणाली, "अजून थोडी कमी करा ताई. रात्रपाळी असते यांची, पाय अडकून पडायचे." तो म्हणाला, "पडलो तर चोर उचलून ठेवतील." तिघंही हसली होती. पँट शनिवारी न्यायची होती. गुरुवारी तो गेला. पँट दुमडून फळीवर राहिली ती अजून तिथंच होती. त्या बाईच्या दारात ती घेऊन जायचं धाडस ताईला कधी झालं नाही.

तर व्हरांड्यात वकिलानं विचारलं तेव्हा ताईची नजर त्या बाईवर होती. आणि ताईला धाकट्याचा राग आला. असा राग की कानशिलं तापली. भोगू दे, असं तिच्या मनात आलं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती रागापेक्षा हलकी. आत्ता आपण तारीख चुकीची आहे म्हटलं तर ही बाई काय म्हणेल? नवऱ्याला मारलं ते मारलं, आता वयही खोटं करतायत. खरं सांगितलं असतं तर खोटारडी ठरली असती, म्हणून तिनं खोटं सांगितलं. दोन-चार वर्षांचा फरक पडेल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

मग जन्मठेप सुनावली गेली. तेव्हाही बोलता आलं असतं. अपिलाच्या वेळी बोलता आलं असतं. पण एकदा बोलायचं राहिलं की पुढच्या वेळी दोन गोष्टी सांगाव्या लागतात, एक खरी गोष्ट आणि दुसरी, ती आजवर का सांगितली नाही. ती गप्प राहिली, दर महिन्याला दोन बस बदलून भेटीला जात राहिली, आणि सगळा रस्ता म्हणत राहिला, बहीण असावी तर अशी.

काचेपलीकडच्या त्या "हुकलं बघ"नंतर तीन आठवडे ताईनं लोकांच्या पँटी चुकीच्या ठिकाणी कापल्या. एका मास्तरणीच्या पँटीच्या तर दोन पायांना दोन लांब्या झाल्या. चौथ्या आठवड्यात तिनं फळीवरची पहिली वही उतरवली आणि कैद्यांच्या केसेस फुकट चालवणाऱ्या संस्थेचं ऑफिस शोधून काढलं.

तिथं एक तरुण वकीलबाई होती. तिच्या काळ्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. ताईची नजर सारखी त्या बाह्यांकडे; तिनं नुसती वही पुढे सरकवली. "धाकटा, वय पाच" वाचून वकीलबाईचे डोळे चमकले. "हे उत्तम आहे. शाळेच्या दाखल्याच्याच आठवड्यातली नोंद! पण एवढ्यानं भागणार नाही. ते म्हणतील, शिवणाऱ्या बाईनं अंदाजे लिहिलं. पुढच्या वह्या आहेत ना? मुख्य म्हणजे गुन्ह्याच्या वर्षाची?"

"ती हरवली," ताई म्हणाली.

हे तिचं तिसरं खोटं. गुन्ह्याच्या वर्षाची वही दुकानात फळीवर, डावीकडून तेरावी उभी होती.

वकीलबाईनं बाकीच्या वह्यांवर अर्ज केला. महिन्याभरानं मंडळाचं उत्तर आलं: तारीख बरोबर असल्याचं बहिणीनं स्वतः सही करून सांगितलेलं आहे. ते खोडेल असा गुन्ह्याच्या काळातला पुरावा असेल तर आणा, नाहीतर अर्ज निकाली.

"सही का केलीत हो तुम्ही?" वकीलबाईनं विचारलं. रागावून नाही, हळहळून.

"घाबरले होते. न वाचता केली."

"असंच असतं," वकीलबाई म्हणाली आणि तिनं ताईच्या हातावर हात ठेवला. ताईनं तो हात अलगद बाजूला केला आणि म्हणाली, "कोट द्या इकडे. बाह्या बघवत नाहीत."

पुढच्या भेटीत धाकट्याला सगळं कळलेलं होतं, म्हणजे वकीलबाईला ठाऊक होतं तेवढं सगळं. शाळेतल्या खोट्याचं त्याला हसूच आलं. "म्हणजे मी बुटका नव्हतोच! लहान होतो. आणि शाळेतले मास्तर मला बाकावर उभं करून म्हणायचे, उभा राहिला तरी बसल्यासारखाच दिसतो." मग तो जरा गंभीर झाला. "ताई, नाही झालं तर नाही झालं. तू जिवाला लावून घेऊ नकोस. घाबरून सही केलीस, त्यात तुझी काय चूक? मी केलं ते मी केलं. इथं पोरांना सांगतो मी, माझी ताई नसती तर मी इथं कधीच संपलो असतो."

ताईनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. तो आत्ता चिडला असता, त्यानं शिव्या घातल्या असत्या, तरी तिला सोसलं असतं. हे मात्र तिला सोसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिस उघडायच्या आधीच, ती तेरावी वही घेऊन पायरीवर बसली होती. कोटही होता, बाह्या नीट केलेला.

वकीलबाईनं पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, "हे दाखवलं तर त्याचं वय सिद्ध होईल. पण तुम्हाला माहीत होतं, हेही सिद्ध होईल. खोट्या जबाबाबद्दल तुमच्यावर केस होऊ शकते."

"होऊ द्या."

"आणि मंडळापुढे तोही असेल. त्याच्यासमोर वाचावं लागेल."

"त्याचीच भीती वाटते," ताई म्हणाली. "केसची नाही वाटत."

मंडळ बसलं होतं ती खोली शाळेच्या वर्गासारखी होती. लांब टेबल, तीन माणसं, मध्ये पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. एका कडेला धाकटा, ताईनं शिवलेल्या शर्टात, कडक इस्त्री केलेल्या. मध्ये काच नव्हती. सतरा वर्षांत ताईनं त्याला काचेशिवाय पाहिलं नव्हतं. त्याच्या कानाच्या पाळीवरचा तीळ तिला कितीतरी दिवसांनी दिसला. तो तिच्याकडे बघून हसला. ताईनं मान खाली घातली.

"पान तुम्हीच वाचा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

ताईनं चष्मा नाकावर ओढला. पानावर दोनच नोंदी होत्या, कारण गुन्हा घडल्यावर तीन आठवडे दुकान बंद होतं. तिनं वरपासून वाचलं. "सोमवार. वॉचमन, मागच्या गल्लीतले. पँट. पाय दीड इंच कमी. बायको म्हणते, अजून अर्धा." मग तिनं खालची, पुढच्या आठवड्यातली नोंद वाचली. "मंगळवार. धाकटा. वय सतरा. कोर्टाचा शर्ट. छाती बत्तीस. माप कोठडीत गजांतून घेतलं."

"या वहीबद्दल 'हरवली' असं अर्जात आहे."

"हरवली नव्हती. फळीवर होती."

अध्यक्षबाईंनी दुसरा एक पिवळा पडलेला कागद पुढे ओढला. "हा तुमचा जबाब बुधवारचा आहे. म्हणजे मंगळवारी तुम्ही वहीत सतरा लिहिलंत आणि बुधवारी कोर्टात अठरावर सही केलीत."

"हो."

"न वाचता केली, असं वकिलांनी लिहिलंय."

"वाचून केली. वकीलबाईंना मीच खोटं सांगितलं."

टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस लिहायचा थांबला. अध्यक्षबाई पुढे वाकल्या. त्यांच्या आवाजात आता चौकशीपेक्षा वेगळं काहीतरी होतं. "का केलीत?"

ताईनं घरी हे उत्तर पुष्कळदा घोकलं होतं. ती बोलली ते त्यातलं नव्हतं. "ती पँट माझ्याकडेच राहिली," ती म्हणाली. "त्यांची बायको समोर बसली होती. मला ह्याचा राग आला होता. लाजही वाटत होती. मला वाटलं, भोगू दे." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "किती भोगावं लागेल ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावरही मी गप्प राहिले. ह्यानं कधी काही विचारलं नाही. त्याला माहीतच नव्हतं."

एवढं बोलल्यावर तिनं धाकट्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. स्वतःच्या शर्टाच्या कफाकडे बघत होता, आणि अंगठ्यानं तिथली टीप चाचपत होता.

अध्यक्षबाईंनी शेजारच्या दोघांशी हलक्या आवाजात काही बोलून घेतलं. मग म्हणाल्या, "स्वतःला अडकवणारं पान कुणी बनवून आणत नाही. मंडळ हे वय मान्य करतं. अर्जदाराची पॅरोलची सुनावणी लागेल. त्या वेळी मयताच्या पत्नीलाही बोलावलं जाईल, तिचं म्हणणं ऐकलं जाईल. बहिणीच्या जबाबाचं काय करायचं ते संबंधित खातं ठरवेल." त्या धाकट्याकडे वळल्या. "तुम्हाला काही बोलायचंय?"

"नाही," धाकटा म्हणाला.

शिपायानं त्याला उठवलं. दारातून जाताना तो ताईच्या खुर्चीपासून हातभर अंतरावरून गेला. सतरा वर्षांत इतकं जवळून कधी गेला नव्हता. थांबला नाही.

पुढच्या महिन्यात ताई भेटीला गेली. खिडकीवरच्या शिपायानं आत जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "येत नाही म्हणतो." त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. शिपाई तिला सतरा वर्षं ओळखत होता. दुसऱ्या वेळी त्यानं तिला बसायला स्टूल दिलं. ती भेटीचा पूर्ण अर्धा तास त्या स्टुलावर बसली आणि मग उठून आली. तिसऱ्या महिन्यातही गेली. न जाण्याचा हक्क आपल्याला नाही, एवढं तिला कळत होतं.

दुकान चाललं होतं. गिऱ्हाइकं म्हणायची, ताई हल्ली टोमणे मारत नाही, तब्येत बरी नाही का. खात्याचं पत्र अजून आलं नव्हतं. पोस्टमन जिन्याजवळ थबकला की ती मशीन थांबवायची. एका दुपारी तिनं फळीवरची ती पँट उतरवली, झटकली, पाय पुन्हा मोजला. सोमवारी टाचणी लावली होती तिथंच ती शिवलेली होती, दीड इंच आणि वर अर्धा. सुनावणीला ती बाई येईल तेव्हा ही बरोबर न्यायची की नाही, हे तिला ठरवता येईना. तिनं पँटला इस्त्री करून कागदात बांधली आणि फळीवर न ठेवता टेबलावर ठेवली.

धाकट्याचा वाढदिवस जवळ आला. या वर्षी चिठ्ठी येणार नाही, हे ताईनं धरूनच ठेवलं होतं. तरी तिनं पांढरं कापड आणून, धुवून, वाळवून ठेवलं. वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात पोस्टमननं पायरीवरूनच पाकीट मशीनवर टाकलं. खात्याचं नव्हतं. आत वहीतून फाडलेला एक कागद होता, चार घड्यांचा.

वर "ताई," नव्हतं. खाली विनोद नव्हता. तिनं कागद उलटा करून पाहिला, मागंही काही नव्हतं. नुसती मापं होती: छाती, बाही, लांबी, कंबर, पायाची उंची. कडेला "सुनावणीसाठी", एवढंच. आणि मापांच्या डोक्यावर त्याच्या ठळक अक्षरात, वय पस्तीस.

ताईनं गेल्या वर्षीची चिठ्ठी काढली. ती चिठ्ठ्यांच्या डब्यात, सगळ्यांत वर होती. तिच्यावरही पस्तीसच होतं. दोन्ही कागद तिनं शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसली. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला तिनं हातानंच थांबायला सांगितलं.

मग तिनं यंदाची वही उघडली, तारीख घातली आणि चिठ्ठी उतरवून घेतली. धाकटा. वय पस्तीस. सतरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्यानं लिहिलेलं वय होतं तसं लिहिलं.